दुपारची डेअरी

तात्या, ठराव झाला.

काल आष्टीत तालुक्याच्या दूध संघाची सभा होती. तिथं साडेतीनच्या सुमाराला लोकांनी हात वर केले. आपल्या गावात आहे तशी लेकरांना मन मोकळं करायची खोली आता तालुक्यातल्या प्रत्येक दूध सोसायटीत उघडायची. दुपारी केंद्र रिकामं असतं, त्या वेळात. प्रत्येक गावातून एक बाई आणि एक बाप्या निवडायचा, दोघांना बीडला शिकायला पाठवायचं. महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम फेरी मारणार. मी मागच्या रांगेत बसले होते. हात मोजायला सुरुवात झाली तेव्हा मीही मनातल्या मनात मोजत होते. "ठराव मंजूर" असं कानावर पडल्याबरोबर उठून बाहेर आले, पर्समधून फोन काढला आणि तुमचा नंबर लावला. रिंग गेली. फोन काकूंनी उचलला.

"बोला बाई," काकू म्हणाल्या.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं की तुम्हाला जाऊन दहा दिवस झालेत.

मग मी काकूंनाच सगळं सांगितलं, एका दमात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाल्या, "त्यांना लई आवडलं असतं. मला काय तेवढं कळत न्हाई बाई. तुमी त्यांनाच लिहा." म्हणून लिहिते आहे. रात्री नीट झोप लागली नाही, पण ते दुःखानं नव्हे. लहानपणी जत्रेच्या आदल्या दिवशी जसं व्हायचं, तसं झालं होतं. याची आधी लाज वाटली. मग वाटलं, तात्यांनाही झोप आली नसती.

आपली पहिली भेट भांडणानं झाली होती. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता, जनावरं चारा छावणीत बांधलेली, आणि जी सोसायटी रोज अकरा कॅन दूध पाठवायची तिथं एक कॅन भरायचीही मारामार. तुम्ही चेअरमन. दुधाची फॅट मोजायच्या बंद पडलेल्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसला होतात. मी गावच्या जिल्हा परिषद शाळेतली बाई. बीडला दहा दिवस लेकरांच्या मनाचं प्रशिक्षण घेऊन नुकतीच आले होते, आणि अंगात वारं भरल्यासारखी फिरत होते.

"मला एक खोली पाहिजे तात्या. लेकरांशी बोलायला."

"शाळा हाय की एवढी मोठी. तिथं काय मुके बसताव?"

"शाळेत सगळे बघतात. एका लेकराला बाजूला घेतलं की बाकीचे त्याला येडं म्हणून चिडवतात."

मी तुम्हाला माझा वर्ग सांगितला. दिवाळी झाली की निम्म्या लेकरांचे आई-बाप ऊस तोडायला जातात, ते गुढीपाडव्यालाच परत येतात. लेकरं म्हाताऱ्यांजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. एक जण दिसेल त्याला चावतो. एक वर्गात नुसतीच झोपते. अकरा वर्षांचा एक जण अजून अंथरूण ओलं करतो आणि त्या भीतीनं पाणीच पीत नाही. तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "आमी बी बहात्तरचा दुष्काळ बघितला, बाई. लहानच होतो. आमाला न्हाई कुनी खोली दिली."

"मग त्यानं तुमचं काही बिघडलं नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

तुमचा चेहरा बदलला. "जावा आता," एवढंच बोललात. मी निघाले. बाहेर येऊन स्वतःलाच शिव्या घातल्या. खोली तर गेलीच, वर चेअरमनशी वैर.

तिसऱ्या दिवशी तुम्ही शाळेच्या फाटकात हजर, हातात किल्ली. "घ्या. दुधाचं सध्या काय खरं न्हाई. पन म्या बी बसनार. सोसायटीची खोली हाय, अशी हवाली करता येत न्हाई." खरं सांगते, माझा आनंद निम्मा झाला. तुम्ही नुसतं "ए" म्हणालात तर टँकरजवळच्या बायका वळून बघायच्या. असा माणूस लेकरांच्या खोलीत बसणार म्हटल्यावर एकही लेकरू तोंड उघडणार नाही, अशी माझी खात्रीच होती.

आणि तुम्ही काय केलंत? काहीच नाही. कोपऱ्यात बसून रिकामे कॅन घासत राहिलात. आधीच घासलेले कॅन पुन्हा घासत होतात. मी सतरंजीवर लेकरांना घेऊन प्रशिक्षणात शिकवलेले खेळ खेळायची. तुमची मान वर व्हायची नाही. कुणी जवळ आलं की सरकून जागा द्यायचात. बस्स.

रेणुका तुमच्याच कोपऱ्यात जाऊन बसली. आठवीतली पोर. आई-बाप कारखान्यावर, ती आज्जीजवळ. दिवाळीपासून ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. आज्जीनं अंगारा लावून झाला, लिंबू उतरवून झालं. मी रंग दिले, चिखलाची बैलं करायला दिली, गोष्टी सांगितल्या. ती माझ्याकडं भिंतीकडं बघावं तशी बघायची. तुम्ही तिच्या बाजूला घासणीचा एक काथ्या ठेवलात आणि तुमचं काम करत राहिलात. दुसऱ्या आठवड्यात तिनं तो उचलला. पुढं बरेच दिवस तुम्ही दोघं समोरासमोर बसून कॅन घासत होता, न बोलता.

मग ती दुपार. मधल्या सुट्टीत तुमच्याकडं गेलेली रेणुका वर्गात परतली नव्हती. माझा पाचवा तास चालू होता आणि तुम्ही वर्गाच्या दारात आलात. तुम्हाला हळू आवाजात बोलता येतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"बाई, ती बोलायलीय. आता म्या काय करू?"

"काय म्हणाली?"

"म्हनली, तात्या, ह्या कॅनला अजून वास हाय."

"मग तुम्ही?"

"म्या म्हनलं, हाय की. आन् पळत इकडं आलो."

"तात्या, तिला तिथं एकटीला सोडून आलात?"

तुम्ही धोतराचा सोगा धरून जे पळत सुटलात, माझा सगळा वर्ग खिडक्यांना लटकला. मी त्यांना दटावलं नाही, कारण मीच हसत होते आणि रडतही होते.

पुढच्या काही दिवसांत ती थोडं थोडं बोलली. आई-बाप परत आले की तिचं लग्न लावायचं ठरलं होतं. ऊसतोडीला दोघा नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. पुढच्या हंगामाला ती आणि तिचा नवरा मिळून टोळीत एक कोयता वाढला असता. हे तिनं तुम्हाला सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणाली. तुम्ही मला सांगितलंत, तिथवर ठीक होतं. लेकरू संकटात असलं तर गोष्ट पोटात ठेवायची नसते, पण आधी त्याला सांगायचं की मी आता हे पुढं सांगणार आहे, आणि मगच पाऊल टाकायचं. मी हे तुम्हाला समजावत होते आणि तुम्ही मान हलवत होता. संध्याकाळी घरी जाऊन तुम्ही थेट तिच्या बापाला फोन लावलात आणि तुमच्या त्या आवाजात त्याला झाडलंत.

बापानं तिकडून आज्जीला झापलं, आज्जीनं रेणुकाला घरात बसवलं. ती शाळेतही येईना. बाकीची लेकरंही बिचकली. इथं सांगितलेलं बाहेर जातं, हे त्यांना कळलं होतं. खोलीत नुसती सतरंजी उरली.

मी तुम्हाला नको ते बोलले. "तिनं कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं आणि तुम्ही ते परत बंद केलंत," असं म्हणाले. तुम्ही उसळलात, "मग काय लगीन लागूस्तोर गप बसू? तुमच्या टिरेनिंगात लेकरू बुडालं तर आदी त्याला इचारायला शिकवत्यात व्हय, की बाबा काढू का बाहेर?"

हे भांडण आपलं मिटलं नाही तात्या. गेल्या महिन्यातसुद्धा चहा पिताना तुम्ही पुन्हा तिथंच आलात, "फोन केला न्हाई तर तवा टायम निघून गेला असता." मी म्हणाले, "एक दिवस थांबला असता तर काही गेलं नसतं." काकू आतून म्हणाल्या, झालं ह्यांचं सुरू. तुम्ही चुकलात असं मला आजही वाटतं. फक्त आता उलटून बोलायला कुणी नाही, त्यामुळं बरोबर असण्यात काही मजा राहिली नाही.

पण त्या वेळी तुम्ही जे केलंत, ते करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आठ दिवस तुम्ही खोलीकडं फिरकला नाहीत. नवव्या दिवशी म्हणालात, "चला, रेणुकाच्या घरी." तुम्ही त्यांच्या ओट्यावर बसलात. आज्जी पाठ फिरवून शेंगा फोडत होती. रेणुका दारात उभी. गावचा चेअरमन, साठीला आलेला माणूस, तेरा वर्षांच्या पोरीला म्हणाला, "पोरी, तू सांगू नका म्हनली होतीस. म्या सांगितलं. तुला इचारायला पायजे होतं, इचारलं न्हाई. चुकलं माझं."

आज्जीचे हात थांबले. रेणुका दारातून ओट्यावर आली. मग म्हणाली, "आता इचारा मग."

"काय इचारू?"

"पुढं काय करायचं ते."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी मान डोलावली. तुम्ही विचारलंत. ती म्हणाली, मला बापाशी न्हाई, आईशी बोलायचंय. तुमच्या फोनवरून तिनं आईला फोन लावला. आई उसाच्या फडात होती, वाऱ्याचा आवाज येत होता. रेणुका सरळ बोलली, न रडता. आई फक्त हूं हूं करत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मला कुनी इचारलं नव्हतं. तू थांब, म्या बघते."

आईनं बघितलं. पाडव्याला ते परत आले तेव्हा बालविवाह थांबवायला ग्रामसेवकही आला, आपणही गेलो, पण आपली गरज पडली नाही. बापाच्या तोंडावर नाही म्हणणारी ती आईच होती. बाप दोन वर्षं तुमच्याशी बोलला नाही. रेणुका आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

पुढच्या वर्षी पाऊस आला, जनावरं घरी आली, दूध वाढलं. मला वाटलं, दूध आलं म्हणजे खोली जाणार. सर्वसाधारण सभेत संचालक भागवतराव उभे राहिलेच, "चेअरमन, ही दूध सोसायटी हाय का येड्यांचा दवाखाना?" लोक हसले. मी तुम्हाला दोन पानांचं भाषण लिहून दिलं होतं. तुम्ही ते घडी करून खिशात घातलंत.

"दूध सकाळी येतंय, संध्याकाळी येतंय," तुम्ही म्हणालात. "मदल्या टायमाला ही खोली काय करती? झोपती. आन् भागवतराव, तुमची म्हैस दोन दिवस चारा खाईना तर तुमी मला पहाटं उठवून डॉक्टर बोलवायला लावता. लेकरू चार चार महिने बोलत न्हाई, ते कावून कुनाला सांगत न्हाईत?"

कुणी हसलं नाही. मग मागून एक सभासद बाई उठल्या. सभेत बाईनं उठून बोलायची ती आपल्या गावातली पहिलीच वेळ असावी. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "माजं लेकरू जातंय तितं. आता पानी पितंय." एवढंच बोलून खाली बसल्या. सगळ्या सभेत त्याचा अर्थ फक्त तुम्हाला आणि मला कळला. तरी खोली चालू ठेवायला पुष्कळ हात वर गेले.

तेव्हापासून ती खोली "दुपारची डेअरी" झाली. किती सोपं नाव लेकरांनी शोधलं. कुठं चाललास? डेअरीवर. डेअरीवर तर सगळं गावच जातं. मनाचं काही दुखतंय असा बोर्ड कुणाच्या कपाळावर लागत नाही. मी बीडला मोठमोठ्या बैठकांमध्ये हे सांगते तेव्हा लोक लिहून घेतात. मी त्यांना सांगते, हे आम्ही ठरवून केलेलं नाही. दुसरी खोलीच नव्हती.

महादूचं मात्र आज सगळं लिहिणार आहे, कारण त्यानंच सांगितलंय, लिहा म्हणून. आपल्याच गावचा तरणा पोरगा, पोलीस भरतीत तिसऱ्यांदा नापास झाला आणि घरातून बाहेर पडेना. एका दुपारी आला, तुमच्याजवळ बसला आणि म्हणाला, तात्या, जगू वाटत न्हाई. मी शाळेत होते. तुम्ही या वेळी घाबरला नाहीत, पळाला नाहीत, कुणाला झाडलंही नाहीत. "बरं झालं सांगितलंस," म्हणालात. मग म्हणालात, "हे म्या एकट्यानं धरून ठिवनार न्हाई. बाईला सांगतो. तुझ्या आईला बी सांगावं लागंल. तू सांगतो का म्या सांगू?" तो म्हणाला, तुमी सांगा. त्या दिवशी तुम्ही त्याला एकटं सोडलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं आपण तिघं बीडला.

ओपीडीच्या रांगेत आपल्याच गावचा एक जण भेटला. "तात्या, इकडं कुनीकडं?"

"डोक्याच्या डॉक्टरकडं आलतो."

"कुनाला दाखवायचंय?"

महादूनं मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "मला."

आणि बोललात ते खोटं ठरू नये म्हणून खिडकीवर जाऊन स्वतःच्या नावाचा केसपेपर काढलात. महादू आत जाऊन आला. मग तुमचं नाव पुकारलं. मला वाटलं मिनिटभरात याल. तुम्ही चांगली वीस-पंचवीस मिनिटं आत होता. बाहेर आलात तेव्हा डोळे लाल झाले होते. मी विचारलं, काय बोललात? "डॉक्टर पोरगी बरी हाय," तुम्ही म्हणालात. "ऐकती." मग आम्हाला चहा पाजलात आणि एसटीत खिडकीकडं तोंड करून बसलात. नंतर दर महिन्याला महादूबरोबर तुम्हीही जायला लागलात, त्याला सोबत म्हणून. कितीतरी महिने. तो एकटा जायला लागल्यावरही तुम्ही जातच होतात. बहात्तरच्या त्या लहान मुलाचं काय झालं होतं, ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही कुणाला तरी सांगितलंत, एवढं पुरे आहे.

आता एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती सांगून टाकते. मला तुमचा हेवा वाटायचा. प्रमाणपत्र माझ्याकडं, पुस्तकं माझ्याकडं, आणि लेकरं येऊन बसायची तुमच्या कोपऱ्यात. कधी कधी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम उशिरा यायचे, कारण तुमच्याजवळ बसलेलं लेकरू मला बघून गप्प व्हायचं, ते मला सोसायचं नाही. तुम्ही माझ्यापेक्षा चांगले होता तात्या. मी ते लोकांसमोर खूपदा म्हणाले, पण तुमच्यासमोर कधी म्हणाले नाही.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी लेकरं डेअरीपाशी येऊन उभी राहिली. मी कुलूप काढलं. सगळी आत येऊन गप्प बसली. तिसरीतली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तात्या वारले म्हनून आज बोलायचं का गप बसायचं?"

मी म्हणाले, जसं वाटेल तसं.

मग कुणीतरी तुमचा "ए" काढून दाखवला. दुसऱ्यानं त्याहून मोठा काढला. मग स्पर्धाच लागली. एक जण म्हणाला, तात्यांना कॅरम खेळता येत नव्हतं, ते मुद्दाम हरतो म्हणायचे पण खरंच हरायचे. अर्धा तास नुसता गलका. नंतर दोघं तिघं रडले, बाकीच्यांनी त्यांना रडू दिलं. कुणी कुणाला चूप म्हणालं नाही. हे त्यांना मी शिकवलेलं नाही.

आणि आता बघा काय काय चाललंय. सभेची बातमी पसरली आणि सकाळपासून फोन थांबेना. तेलगावहून एका बाईंचा आला, आमच्याकडं कापसाचं गोडाऊन आहे, उन्हाळ्यात रिकामं असतं, चालेल का? तलवाड्याहून एक मास्तर म्हणाले, आमचा तालुका वेगळा, पण लेकरं तीच. या आम्हाला दाखवायला. रेणुका सुट्टीत येऊन नव्या लोकांना शिकवणार आहे. महादू म्हणतो, दुधाच्या टेम्पोवर तो गावोगाव जातोच, मोठ्या पोरांशी बोलायचं काम त्याचं. मी वहीत गावं लिहितेय, पान संपलं, उलटलं, तेही भरत आलंय. पुढं अडचणी येतील, माहीत आहे. काही खोल्या उघडतील आणि बंद पडतील. काही तात्या पहिल्याच आठवड्यात फोन लावून कुणाच्या तरी बापाला झाडतील. मी त्यांना आपलं भांडण पहिल्या दिवशीच सांगणार आहे, दोन्ही बाजूंनी.

हो, आणि भागवतराव. कालच्या सभेत त्यांनी हात वर केला नाही. मी पाहत होते. परतीच्या जीपमध्ये ते माझ्या शेजारी होते. गावाजवळ आल्यावर बाहेर बघत म्हणाले, "बाई, आमची नात हाय. दहावीला. वह्या फाडून टाकती. कुनाला जवळ येऊ देत न्हाई." मग जीपमधून उतरताना, "दुपारची कितीला उघडती?"

साडेबाराला, मी म्हणाले.

आत्ता साडेबाराला पाच कमी आहेत. डेअरीच्या खिडकीतून दिसतंय, भागवतराव मोटारसायकल उभी करताहेत. पोरगी मागं बसून आहे, उतरायला तयार नाही. ते काहीतरी बोलताहेत, ती मान हलवतेय. आता ते तिला ओढत नाहीत. बाजूला लिंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिलेत, थांबलेत.

ती उतरली, तात्या. मी दार उघडते.